अख्ख्या शेडाची दाढ

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कुणी नाक मुरडायला नको. आम्ही साताऱ्याच्या खटावकडच्या. तिकडच्या बायका गोड बोलण्यासाठी तशाही प्रसिद्ध नाहीत, आणि त्यात मी मास्तरीण. तासगावपासून थोडं आत, द्राक्षबागांच्या मधोमध जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथं मी चौथीचा वर्ग घेते. पोरं मला भितात असं आमचे मुख्याध्यापक सांगत असतात. खरं तर पोरं मला नाही, माझ्या टेबलावरच्या बरणीला मानायची.

त्या बरणीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या. पाढा बिनचूक म्हटला की एक गोळी. न अडखळता म्हटला तर दोन. ही युक्ती माझी स्वतःची, आणि तिचा मला केवढा अभिमान! तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणात मी उभी राहून ती सगळ्यांना सांगितली होती. छडी नको, ओरडा नको, एका गोळीत पोरगं तीसपर्यंत पोचतं, असं माझं म्हणणं. टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

आणि त्या बरणीवर सगळ्यात जास्त हक्क गाजवणारी एक पोरगी होती. तिला मी मनातल्या मनात पाढेवाली म्हणायची. अंगानं काडी, पायात एका बोटाची पट्टी तुटलेली चप्पल, पण एकोणतीसचा पाढा म्हणायला उभी राहिली की एसटी घाट उतरावी तशी सुटायची. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, आणि मध्ये श्वास घ्यायचं काम नाही. दोनशे नव्वदला पोचली की धाडकन थांबायची आणि लगेच हात तोंडावर ठेवायची. मला वाटायचं, पोरगी लाजाळू आहे. मी कौतुकानं दोन गोळ्या काढून तिच्या दुसऱ्या हातावर ठेवायची.

तिची आई गावाबाहेरच्या बेदाण्याच्या शेडात निवडायला जायची. सुकलेला माल समोर ओततात, आणि बायका ओळीनं मांडी घालून काड्या, काळे, फुटके मणी बाजूला काढतात. शाळा सुटली की पाढेवाली दप्तरासकट शेडात जाऊन आईशेजारी बसायची. वडील ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. एवढंच मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, तेही रोज, पण ते नंतर.

जानेवारीत शाळेत तपासणीचं पथक आलं. वजन, उंची, डोळे झाले, आणि या वेळी दाताच्या डॉक्टरही होत्या. सांगलीहून आलेली तरणी मुलगी, कपाळाला बॅटरी बांधलेली. पोरांनी तिला वीट आणला. एकानं ओठ असे मिटले की मुख्याध्यापकांना उघडायला बोलवावं लागलं. दुसरा म्हणाला, "आदी तुमी आ करा, मग मी करतो." आणि तिनं खरंच आ केला. त्यानं तिच्या तोंडात वाकून पाहिलं, "चांगलं हायत," असा शेरा दिला आणि मग स्वतःचं तोंड उघडलं.

पाढेवालीची पाळी आली तेव्हा तिचा हात तोंडावरून निघेना. मी मागून दरडावलं, "अगं, हात काढ की!" हात निघाला. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बॅटरी आत धरली. खालची डाव्या बाजूची शेवटची दाढ मधोमध काळी, आणि खड्डा एवढा की त्यात तांदळाचा दाणा बसावा.

"दुधाची आहे, पडेल," मी म्हणाले. अठरा वर्षं मी चौथीला दात शिकवत होते, मला कोण काय सांगणार!

"नाही हो बाई," त्या म्हणाल्या. "इथंच तर सगळे फसतात. ही दुधाची नाही. ही कायमची दाढ. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. ती यायला आधीचा दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. सगळे दुधाचीच समजतात. ही गेली की गेली, परत येत नाही."

माझी जीभ नकळत माझ्याच तोंडात उजवीकडे खाली जाऊन आली. पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी तीच दाढ किडलेली आणखी एक मुलगी निघाली, शाळा समितीच्या अध्यक्षांची नात. घरची सहा एकर द्राक्षबाग, दारात गाडी. इंग्रजी शाळेची बस दारावरून जायची, तरी आजोबा अध्यक्ष म्हणून नात आमच्याकडे. पाढ्यांत तीही बरी, गोळ्या तिलाही मिळायच्या. डॉक्टरांनी दोघींना चिठ्ठ्या दिल्या. नातीचा खड्डा लहान होता, एका खेपेत भरून होणार होता. पाढेवालीची कीड मात्र नसेपर्यंत गेलेली. "तीन-चार वेळा सांगलीला आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात यावं लागेल," त्या म्हणाल्या, "मग वर टोपी बसवू. शाळेच्या मुलांना तिथं काही पडत नाही, खर्चाची काळजी नको. पण आणायला हवं. दोन-तीन महिने असेच गेले तर काढूनच टाकावी लागेल."

चिठ्ठी गेली. आठ दिवस गेले, पाढेवाली होती तिथंच. अध्यक्षांची नात मात्र पहिल्याच सोमवारी आ करून सगळ्या वर्गाला दाखवत होती, "माज्या दाढंत शिमीट भरलंय!"

मग आली संक्रांत. शाळेत दर वर्षी आयांचा मेळावा असतो, हळदीकुंकू आणि तिळगूळ. पाढेवालीची आई धावतपळत आली, शेडातून तशीच, बोटांना बेदाण्याचा चिकट चकाकणारा लेप. मी हळदीकुंकू लावलं, तिळगुळाची वडी हातावर ठेवली, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाले, आणि दुसऱ्या क्षणाला माझं तोंड सुटलं.

"चिठ्ठी मिळाली ना? मग? पोरीच्या तोंडात विहीर पडलीय विहीर! रोज तिच्या तोंडासमोर बसता, तुम्हाला डोळे नाहीत का?"

सगळ्या आया वळून बघायला लागल्या. मला थांबायचं कळलं नाही. एकदा गाडी उतारावर लागली की लागली. मी आणखी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, मला लाज वाटते. तिनं पदर तोंडावर धरला. ही तिची नेहमीची सवय, लेकीनं ती कुठून उचलली होती ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं मला.

"मग काडूनच टाका की बाई," ती हळू म्हणाली. "एकदाच काय ती खेप हुईल. दुधाचीच तर हाय. परत यील." आणि वडी न खाताच मुठीत घेऊन गेली.

बाकीच्या आयांकडे बघून मी म्हणाले, "बघा, अशी आहे काळजी!" त्यांनी माना हलवल्या. मला अगदी कर्तव्य केल्यासारखं वाटलं.

पुढच्या सोमवारी पाढ्यांचा तास. पाढेवाली उभी राहिली, एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, पण एकशे चौऱ्याहत्तरला थांबली. गाल धरला, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुढे रेटून दोनशे नव्वदला पोचलीच. माझा हात सवयीनं बरणीत गेला. दोन गोळ्या बाहेर आल्या.

तेवढ्यात अध्यक्षांची नात हात वर करून उभी राहिली. "बाई, त्या डॉक्टर हायत न्हवं, त्यांनी मला इचारलं, रोज रोज गोळ्या कोन देतंय गं तुला? घरातलं कुनी देतंय का?"

"मग?" मी विचारलं.

"मी तुमचं नाव सांगितलं."

वर्ग खुदखुदला. मी हातातल्या गोळ्यांकडे बघत उभी. अगं बाई! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. वर्गात सगळ्यात हुशार पोरगी, म्हणून सगळ्यात जास्त गोळ्या, म्हणून सगळ्यात मोठा खड्डा. हे तीसपर्यंत पाढे शिकवणाऱ्या बाईला कळायला एवढा वेळ लागावा! आणि मी भर मेळाव्यात तिच्या आईला डोळे विचारले होते. माझे स्वतःचे कुठं गहाण पडले होते कोण जाणे.

त्याहून एक गोष्ट जास्त टोचली. गोळी दोघींना एकाच बरणीतली, माझ्याच हातानं दिलेली. नातीच्या आईलाही ती दाढ दुधाचीच वाटली होती, तिला काही जास्त ज्ञान नव्हतं. फरक एवढाच की तिच्या दारात गाडी होती आणि एक दिवस घर सोडलं तर, शेडात बसते तशी, तिच्या जागी दुसरी कुणी येऊन बसणार नव्हती. शिव्या मात्र मी एकीलाच घातल्या. मला माझाच इतका राग आला की मी बरणी उचलली आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यातल्या चार गोळ्या त्यांनी पुढे खाल्ल्या, ते मला माहीत आहे.

आता बक्षीस काय द्यायचं? मी पोरांनाच विचारलं. कुणी म्हणालं पेन्सिल, कुणी म्हणालं सुट्टी. पाढेवाली तोंडावर हात धरून म्हणाली, "घंटा वाजवू द्या." बस्स, ठरलं. ज्याचा पाढा सगळ्यात चांगला त्यानं शाळा सुटल्याची घंटा वाजवायची. ती बहुतेक रोज तिलाच मिळायची, आणि ती इतका वेळ वाजवायची की मुख्याध्यापक बाहेर येऊन म्हणायचे, "अगं, शाळा सुटलीय, आग न्हाई लागली!"

पण दाढेचं काय? ती आपली दिवसेंदिवस पोखरली जात होती. आईची परवानगी असल्याशिवाय मी पोरीला सांगलीला नेऊ शकत नव्हते, आणि त्या आईचं मी नाक कापून ठेवलेलं. शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि शेडाकडे गेले. वाटेत माफी कशी मागायची याची तालीम करत होते. माफी मागायची मला सवय नाही, वाक्य जुळेना.

शेडात आंबटगोड वास कोंदलेला. पाच-सहा जणी ओळीनं बसलेल्या, हात भराभर चाललेले. पाढेवाली आईच्या कुशीला टेकून गृहपाठ करत होती, आणि तिच्या गालात काहीतरी होतं. एक मणी संपला की आई न बघता दुसरा तिच्या तोंडात सरकवायची.

मला बघून आईचे हात थांबले नाहीत. "बोला बाई."

मी म्हणाले, "गोळ्या मीच देत होते."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पोरगी सांगती की सगळं."

"मग त्या दिवशी तोंडावर का नाही मारलंत माझ्या?"

"आवं, तुमी बाई. चार मानसांत तुमास्नी कसं बोलायचं?" मग एक काडी बाजूला टाकून ती म्हणाली, "आन् निम्मा गुना माजा बी हाय. डॉक्टर पोरीला म्हनल्या न्हवं, चिकट खाऊ दाढंत बसतो म्हनून? ह्यो बगा माजा चिकट खाऊ. बाहीर टॅक्टर येत्यात-जात्यात. तोंडात बेदाना असला की पोरगी जाग्यावर बसती. गोळी तुमची, बेदाना माजा. दोगी मिळून पोखरली तिला."

हे ऐकल्यावर माझी तालीम केलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी सरळ तिच्यासमोर पोत्यावर बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं." सोपं होतं की तसं. मग म्हणाले, "पण ती दाढ काढू नका. ती दुधाची नाही."

"असं डॉक्टर सगळंच म्हनत्यात," कोपऱ्यातून मुकादमीण म्हणाली. ती त्या सगळ्यांवर देखरेख करणारी, साठीची, दणकट. "दुधाची नसती तर एवड्यात किडली असती व्हय?"

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी तोंड उघडलं, गाल बोटानं बाजूला ओढला आणि सगळ्यांना दाखवलं. उजवीकडे खाली, मधली जागा रिकामी.

"ही माझी," मी म्हणाले. "हीच दाढ. आठ वर्षांची होते. वडील पलटणीत. रजेवर आले की वीस दिवस आम्हा भावंडांना रांगेत उभं करून कॅन्टीनच्या पेस्टनं दात घासायला लावायचे. ते गेले की परत राखुंडी, आठवलं तर. दाढ दुखायला लागली तशी आई बाजाराच्या गावी घेऊन गेली. तिथं एकजण पकडीनं काढायचा. तोही म्हणाला दुधाचीच आहे. आईनं ती शेणाच्या गोळ्यात घालून मला दिली आणि मी कौलावर फेकली. मग वर्षभर रोज आरशात बघायची, आली का, आली का. अजून बघतेय."

मुकादमिणीच्या शेजारच्या एकीनं स्वतःच्या तोंडात बोट घातलं. "आगं बया," ती म्हणाली, "माजी बी हितलीच न्हाई."

"बगू?"

"ही बग. आन् तुजी?"

झालं! सगळ्या शेडानं हातातला माल सोडला. जी ती आ करून शेजारणीला दाखवतेय, शेजारीण वाकून बघतेय, "वर बघ, खाली बघ," नुसता गोंधळ. जिला विचारावं तिची हीच एखादी दाढ गेलेली. कुणाची डावी, कुणाची उजवी, कुणाच्या दोन्ही. कुणी दोऱ्यानं ओढून काढलेली, कुणी पकडीनं, कुणाची तुकडे तुकडे होऊन गेलेली. आणि प्रत्येकीला सांगितलेलं एकच, दुधाची हाय, यील परत.

मुकादमीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजी," ती म्हणाली, "आमी सगळ्यांनी कायमच्या दाढा कौलावर फेकल्या व्हय गं?"

आधी एकजण हसली, मग दुसरी, मग शेड दणाणलं. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं, पण तेवढं चालतं. पाढेवालीची आई पदराआड हसत होती. हसणं ओसरल्यावर तिनं लेकीच्या हनुवटीला धरून तोंड उघडलं, आणि बहुतेक पहिल्यांदाच नीट आत पाहिलं.

"शनवारी न्या हिला," ती म्हणाली. "मला सुट्टी मिळत न्हाई, तुमीच न्या."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पोरीला मागं बसवून सांगली गाठली. पहिल्या खेपेला तिनं खुर्चीत बसल्यावर माझं बोट असं आवळलं की अंगठीचा वळ उठला. डॉक्टरांनी तिला पाढा म्हणायला सांगितला. तोंडात यंत्र, तरी ही मनात म्हणत होती, आणि बोटांनी आकडे मोजून दाखवत होती. संध्याकाळी ठणका थांबला. परत येताना ती पाठीमागून एकसारखी बडबडत होती. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

आणि तिथंच घोटाळा झाला. ठणका थांबला ना! पुढच्या शनिवारी मी स्कूटी काढून वाट बघतेय, पोरगी येईना. तिच्या घरी गेले तर तिची आजी दारात. "आवं बाई, आता कशापाय जायचं? दुखायचं राह्यलंय की. बरं झालंय."

मी सांगितलं की डॉक्टरांनी दाढ नुसती साफ करून वरवर बुजवलीय, आत अजून काम राहिलंय, आता सोडली तर गळू होऊन काढावीच लागेल. आजी म्हणाली, "व्हय व्हय," आणि पोरीला घेऊन आत गेली. एरवी मी दारातच तिची हजेरी घेतली असती. पण मेळाव्याची आठवण झाली आणि जीभ दातांखाली धरली. जे काही दात आहेत त्यांच्याखाली. घरी आले आणि रागानं कणीक इतकी तिंबली की नवरा विचारायला लागला, आज कुणावर?

मंगळवारी शाळा सुटायच्या वेळेला पाढेवालीची आईच फाटकाशी उभी. मी बाहेर गेले.

"आवं, काय सांगू तुमास्नी," ती म्हणाली. "शेडात मला बसू द्यायना झाल्यात. मुकादमीण म्हनती, गेल्या शनवारी पोरगी का गेली न्हाई? म्हनलं, दुखायचं राह्यलं. तर सगळ्या अंगावर आल्या. म्हनत्यात, आमच्या सगळ्यांच्यात मिळून ही एकच दाढ राह्यलीया, ती बी घालवतीस व्हय? ती गेली तर शेडात पाय टाकू नगंस."

"मग?"

"मग काय! ह्या शनवारी मी सोता येती संगं. माजा माल त्या निवडनार हायत, वाटून घेतल्यात त्यांनी."

आणि खरंच आली. त्या शनिवारी आम्ही तिघी एसटीनं गेलो. दवाखान्यात तिनं डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की मला चौथीच्या वर्गाची आठवण झाली. बेदाणा अजिबात द्यायचा नाही का? जेवणानंतर लगेच दिला आणि वर पाणी प्यायली तर? तीन पोरांत एक ब्रश चालतो का? डॉक्टर म्हणाल्या, "नाही, प्रत्येकाचा वेगळा." "आसं व्हय," ती म्हणाली, "मला वाटलं आमी लय चांगलं करतोय." पुढच्या खेपांनाही तीच यायची. सोमवारी शेडात म्हणे बायका आधी पोरीला आ करायला लावायच्या आणि मग कामाला बसायच्या.

टोपी बसली त्या दिवशी आई दवाखान्यातून निघाली ती घरी गेलीच नाही. मला म्हणाली, "चला शेडात. त्या वाट बघत्यात."

शेडात पाढेवालीला पालथ्या क्रेटवर उभं केलं. एकेक जण येऊन बघून गेली. मुकादमिणीनं तोंडात बोट घालून टोपीवर टकटक करून पाहिलं आणि "पक्की हाय," म्हणाली. पण एवढ्यानं तिचं समाधान होईना. तिनं कनवटीतून फुटाण्यांची पुडी काढली, त्यातला सगळ्यात टणक बघून निवडला. निवडण्यात तर त्या पटाईत. डॉक्टरांनी आज तीन तास काही खायचं नाही म्हणून सांगितलंय, अजून तास बाकी आहे, हे मी ओरडून सांगितलं. मग अख्खं शेड तासभर थांबलं. खोटं नाही सांगत, घड्याळ लावून थांबलं.

तास झाला. पाढेवालीनं फुटाणा डाव्या बाजूला ठेवला. सगळे हात थांबले, पंखासुद्धा कुणीतरी बंद केला.

कडाम!

काय आरडाओरडा झाला म्हणता! मुकादमिणीनं पोरीला उचललंच. आणि पाढेवालीची आई हसली, मोठ्यानं, पदर खांद्यावर तसाच राहिला. तिच्या तोंडात खाली दोन्ही बाजूंना ती दाढ नव्हती. एवढ्या दिवसांत मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी शेडात सगळ्यांनी आ केला होता, तिनंच नव्हता केला.

हसू थांबवत ती माझ्याजवळ आली. डोळे मिचकावून म्हणाली, "बाई, एक इचारू का? तुमची दाढ काडली तवा, तुमच्या आईला काय डोळं न्हवतं का वं?"

सगळ्या खो खो हसल्या. मला तो टोला बसायचाच होता, बरोबर बसला.

"होते की," मी म्हणाले. "चांगले दोन डोळे होते. पण ती दाढ दुधाची नाही, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं."

"मग मला तरी कुनी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं. नुसतं विचारलं.

अठरा वर्षं दात शिकवत होते मी, गावातल्या दोन पिढ्यांना, आणि ते मीच सांगायला हवं होतं. तिनं माझा हात ओढला, मूठभर फुटाणे त्यात ओतले आणि म्हणाली, "खावा आता."

मी ते डाव्या बाजूनं खाल्ले.